आबा, सांगलीत लाइट्स कुठल्या लेनमध्ये असतात?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी वीज बोर्डातून निवृत्त झालो त्याला नऊ वर्षं झाली. विश्रामबागेत आम्ही दोघंच असतो. मुलगी, जावई आणि आठ वर्षांची नात न्यू जर्सीत. यंदा ते २० डिसेंबरला येताहेत, तीन आठवडे राहतील. तिकडे नाताळात जेवणं उरकली की गाडीतून रोषणाई बघत फिरतात. मीही दोनदा गेलोय. एकेका घरावर हजारो दिवे. त्यांनी पाटीवर लिहिलेलं रेडिओ स्टेशन गाडीत लावलं की गाण्याच्या तालावर दिवे नाचतात. नातीचा हा दरवर्षीचा सोहळा. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "आबा, सांगलीत लाइट्स कुठल्या लेनमध्ये असतात?" मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं गावाला वीज दिली आणि नातीला दाखवायला चार दिवे नाहीत, याची लाज वाटली. जावई म्हणतात, गोव्याला जाऊ. आमच्या सौ. म्हणतात, आपली दिवाळी झाली, आता हे आणखी कशाला, आणि मार्गशीर्षात घरात अंड्याचा केक येणार नाही. मिरजेत ख्रिस्ती वस्ती आहे, चर्च आहे, पण आपण असं बघायला गेलेलं चालतं का? माझा बोर्डातला एक सहकारी मिरजेचा, ख्रिस्ती. दर नाताळात त्याच्या घरून डबा यायचा, दिवाळीत माझ्याकडून जायचा. चार वर्षांपूर्वी त्याची पत्नी गेली तेव्हा मी मुलीकडे होतो. आल्यावर जाणं राहिलं आणि आता कोणत्या तोंडानं जाऊ असं झालंय. तर नातीला काय दाखवावं ते सुचवा.

विश्रामबागचे आबा


आबा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या नातीच्या प्रश्नावर हसले, दुसऱ्यांदा शेवटच्या चार ओळींपाशी थांबले. त्या ओळींकडे येते, पण आधी लेनचं बघू. पोरीनं साधा पत्ता विचारलाय आणि तिला पत्ता मिळायला हवा.

लाजेचं मात्र एकदा बोलून टाकते. मिरजेच्या अनंत चतुर्दशीच्या स्वागत कमानी तुम्ही किती वर्षं बघताय? त्यातल्या निम्म्यांच्या जोडण्या तुमच्याच खात्यानं तपासल्या असतील. कुणी आकडा टाकलाय का म्हणून तुम्ही स्वतः रात्री खांबाखाली उभे राहिला असाल. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात, देवळांतल्या दीपमाळा पेटतात, दिवाळीचं तर सांगायलाच नको. आपल्याकडे रोषणाईचा दुष्काळ नाही, तिचं वेळापत्रक निराळं आहे. नात येते तेव्हा शाळेला सुटी असते आणि आपला मोसम सरलेला असतो, एवढीच अडचण. पुढच्या खेपेला भाद्रपदात या म्हणावं. शाळा बुडवून एकदा यायला हरकत नाही, असं माझं वैयक्तिक मत, ते मुलीला सांगू नका.

आता पत्ता. तो तुमच्या दारापासूनच सुरू होतो. विश्रामबागेतून मिरजेकडं निघालं की वानलेसवाडी लागते. हे नाव आपण रोज घेतो, रिक्षावाल्याला सांगतो, पाकिटावर लिहितो. हे वानलेस म्हणजे डॉ. विल्यम वानलेस. जन्मानं कॅनडाचे, अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशननं पाठवलेले. त्यांनी मिरजेत १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं, ज्याला आपल्या आज्या-पणज्या नुसतंच 'मिशन' म्हणायच्या. "मिशनात दाखवून आणलं" म्हटलं की पुढं विचारायचं नाही, एवढा भरवसा. पार कर्नाटकातून बैलगाड्या यायच्या. वानलेसवाडीला क्षयाच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम झालं, म्हणून त्या जागेला ते नाव. हॉस्पिटलाभोवती नर्सा, कंपाउंडर, शिक्षक, चर्चचे पाळक यांची घरं झाली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मिरजेची आहेत, तुमच्याआमच्यासारखीच 'काय करालाय' म्हणणारी. नात ज्या देशातून येतेय तिथून सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक डॉक्टर याच रस्त्यानं आला होता, हे तिला रिक्षात बसल्या बसल्या सांगा. आठ वर्षांच्या मुलीला असले धागे फार आवडतात.

तर लेन मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या आजूबाजूला. दिवस २४ डिसेंबर. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, साडेसहाला अंधार पक्का होतो. सातच्या आत चौकात पोचा, रिक्षा सोडून द्या आणि चाला. गाडी अजिबात काढू नका. एक तर लावायला जागा मिळणार नाही आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

अमेरिकेतली ती रोषणाई गाडीतून बघण्यासाठीच मांडलेली असते. घरं रस्त्यापासून आत, पुढं हिरवळ, रस्ते रुंद, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. माणूस काचेच्या आत हीटर लावून बसणार आणि ताशी दहा मैलांनी सरकणार. मग दिवेही तेवढ्या अंतरावरून दिसावेत असे, म्हणजे हजारांनी. मिरजेतल्या गल्लीत तुम्ही तशी गाडी फिरवलीत तर नातीला एक चांदणी दिसेल, मग अंधार, मग एक बंद दुकान, मग लाल-हिरवी माळ, की गल्ली संपली. ती म्हणेल, "दॅट्स इट?" आणि तुमचा चेहरा पडेल. चालत गेलात तर त्याच चांदणीखाली पायरीवर कुणी आजी बसलेली असेल, दारात रांगोळी असेल, आतून तळणाचा वास येईल, खिडकीत गव्हाण, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडलेली असेल आणि तिच्यात कुणाच्या तरी खेळण्यातला प्लॅस्टिकचा उंट मेंढरांमध्ये उभा केलेला असेल. नात उंटापाशी दहा मिनिटं थांबेल. थांबू द्या.

मला हे ठाऊक आहे कारण माझं लहानपण मिरजेत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील सिग्नल खात्यात. शेजारी एक सिस्टर राहायच्या, मिशनात नर्स होत्या. त्या वडिलांना भेटल्या की "सलाम, भाऊ" म्हणायच्या आणि वडील "नमस्कार, सिस्टर" म्हणायचे. वीस वर्षं दोघांनीही आपला शब्द बदलला नाही. २३ तारखेच्या संध्याकाळी सिस्टरांचा मुलगा आमच्या दारात यायचा. "काका, माळ लागत नाही."

तुम्हाला ही माळ सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. तेव्हाच्या माळा एकसरीत जोडलेल्या असायच्या. सहा व्होल्टचे चाळीसेक बारके दिवे एकापाठोपाठ एक, म्हणजे सगळे मिळून घरातली २३० व्होल्टची वीज वाटून घ्यायचे. एक दिवा गेला की साखळी तुटली, सगळी माळ ठप्प. आणि गेलेला कोणता, ते बघून कळायचं नाही. वडील सदऱ्याच्या खिशात एक चांगला दिवा घालून जायचे. माळ लांबलचक सतरंजीवर पसरायची, पहिला दिवा काढायचा, खिशातला तिथं बसवायचा, बटण दाबून बघायचं. नाही लागली तर काढलेला परत जागेवर आणि पुढचा. आम्ही सगळी पोरं सतरंजीच्या कडेनं मांडी घालून बसलेली. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या दिव्याला एकदम सगळी माळ पेटायची आणि आम्ही असे ओरडायचो की सिस्टरांची कोंबडी खुराड्यात फडफडायची. ती माळ भिंतीवर चढल्यावर कशी दिसायची, ते मला आज आठवत नाही. सतरंजीवरची आठवते.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे, आबा, की नातीला दिवे दाखवायच्या आधी दोन दिवस तिला दिवा करायला बसवा. चांदणी करा. २० ला येताहेत म्हणजे प्रवासाचा शीण आणि उलटीसुलटी झोप जाऊन २२ पासून ती हाताशी लागेल. पहाटे तीनला टक्क जागी होऊन बसेल तो वेळही याच कामी लावा, आजीला उठवू नका.

चांदणी म्हणजे दिवाळीच्या कंदिलाची बहीण. सिस्टरांच्या घरी दिवाळीचा कंदील आणि नाताळची चांदणी एकाच हुकाला लागायची. आमचा कंदील त्यांचा मुलगा करून द्यायचा, कारण वडिलांना तारा कळायच्या, कागद चिकटवणं त्यांना कधी जमलं नाही. कृती अशी. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा, दीड फुटाच्या दहा आणि बोटभर, म्हणजे चार इंचाच्या, पाच. वहीवर पेन न उचलता आपण जशी चांदणी काढतो, तशा पाच लांब कामट्या एकमेकींवर ठेवायच्या आणि पाचही टोकं सुती दोऱ्यानं करकचून बांधायची. अशा दोन चांदण्या करायच्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकाला टोक बांधायचं. आता मधोमध जो पंचकोन दिसतो, त्याच्या पाच कोपऱ्यांत दोन्ही चांदण्यांच्या मध्ये त्या बोटभर कामट्या उभ्या सारायच्या. त्या सारल्या की चपटी चांदणी पुरीसारखी फुगते. हा क्षण नातीच्या हातून होऊ द्या, पहिल्या चार तुम्ही सारा, पाचवी तिला द्या. कामटी निसटून उडते, तेव्हा चष्मा लावा दोघांनीही.

कागद पतंगाचा, गव्हाच्या किंवा मैद्याच्या खळीनं लावायचा. डिंक नको, कागद आक्रसतो. वरच्या टोकाचा एक त्रिकोण मागून मोकळा ठेवा, तिथून दिवा आत जाईल. पूर्वी चाळीसचा पिवळा बल्ब टाकायचो, त्यानं दोन रात्रींत कागदावर तपकिरी गोल पडायचा आणि सिस्टर रात्री तीनदा उठून बघायच्या. तुम्ही एलईडी टाका, पिवळसर उजेडाचा. पांढरा टाकलात तर चांदणी दवाखान्यातल्या ट्यूबसारखी दिसेल. युनिटचा हिशेब मी तुम्हाला सांगणं म्हणजे गणपतीला मोदकाची कृती सांगणं, पण सौभाग्यवतींनी विचारलं तर सांगा की नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास दहा दिवस लावला तरी अर्ध्या युनिटाच्या आतच राहतो.

ती चांदणी तुमच्या गॅलरीत लावा. घरात झाड आणायच्या भानगडीत पडू नका. दुकानात ते प्लॅस्टिकचं झाड आणि त्यावर कापसाचा बर्फ पाहिला की मला हसू येतं. सांगलीकर गडी, मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर वितळताना बघणारा, डिसेंबरात कापूस पिंजून बर्फ करतो. पण ज्याची त्याची हौस. तुमच्या घरी देव्हारा आणि झाड एका खोलीत आलं तर सौ. आणि तुमच्यात तीन आठवडे शीतयुद्ध चालेल आणि नात मध्ये सापडेल. चांदणीला त्यांचा विरोध राहणार नाही. कंदील समजतील. तो कंदीलच आहे.

करता करता नातीला सांगायला एक गोष्ट देते, तुमच्या खात्यातलीच आहे. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ मध्ये, न्यूयॉर्कला. एडिसनचा एक सहकारी होता, एडवर्ड जॉन्सन. त्यानं आपल्या घरात झाड उभं केलं, त्यावर ८० दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. शिवाय झाडाखाली यंत्र बसवलं, झाड गोल फिरायचं. त्याच्या आधी लोक झाडाला मेणबत्त्या बांधायचे. सुकलेल्या फांद्या आणि जळत्या मेणबत्त्या, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली. जॉन्सन एडिसनच्या वीज कंपनीचाच माणूस, तेव्हा त्यात जाहिरातही होती हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वीज विकायची तर लोकांना विजेचं काहीतरी सुंदर दाखवायला हवं. नातीच्या गावातले ते हजारो दिवे या ८० दिव्यांचे वंशज. आणि न्यू जर्सी म्हणजे एडिसनचंच राज्य, त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथली. हे ती शाळेत शिकलीही असेल. मग गोष्ट ती तुम्हाला सांगेल, तुम्ही ऐका.

गोव्याचं थोडक्यात. जावईबापूंना सांगा, जरूर जाऊ, जानेवारीत जाऊ. २४-२५ ला घाटात चार तास आणि हॉटेलच्या दारात दोन तास घालवून पोरीला गर्दीच्या पाठी दिसतील.

आता तुमचा खरा प्रश्न, चालतं का? चालतं. नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती घरावर चांदणी लावतात ती लोकांनी बघावी म्हणूनच. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, ज्या ताऱ्याच्या मागं बेथलेहेमला गेले तो हा तारा, तेव्हा त्याच्याकडं बघत अनोळखी माणूस दारात आला तर त्यांना त्यात नवल वाटत नाही. फक्त आपण माणसांच्या घरापुढं उभे आहोत, प्रदर्शनात नाही, एवढं ध्यानात असावं. फोटो काढायचा तर विचारून. उंबऱ्याच्या आत मोबाइल रोखू नये. मला एकदा एका मावशींनी सुनावलं होतं, "बाई, आधी आत या, मग काय काढायचं ते काढा." मी आत गेले, करंजी खाल्ली आणि फोटो काढायचा राहूनच गेला.

करंजीवरून आठवलं. सौ.ना सांगा, केकची काळजी करू नका. मराठी ख्रिस्ती घरात नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, आणि केक त्यांच्या सोबतीला. सिस्टर पीठ घरी कालवून पत्र्याच्या डब्यातून बेकरीच्या भट्टीत भाजायला पाठवायच्या. केकची ताटली पुढं आली तर "अंडं आहे का?" असं सरळ विचारावं, कुणाला राग येत नाही. त्यांच्या शेजारपाजारी श्रावण-मार्गशीर्ष पाळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, कुणाच्या ताटलीत काय ठेवायचं ते त्यांना पाठ असतं. आमच्या आईची ताटली सिस्टर वेगळी झाकून आणायच्या, वर जाळीचा रुमाल. सौ. आल्या तर उत्तम, नाही आल्या तरी रुसू नका. येताना त्यांच्यासाठी चार करंज्या बांधून आणा आणि त्या कशा झाल्यात ते त्यांना विचारा. खुसखुशीत झाल्यात की मोहन कमी पडलंय, यावर त्या अर्धा तास बोलतील, आणि पुढच्या वर्षी स्वतः येतील.

चर्चमध्ये जायचं असेल तर मध्यरात्रीची उपासना मुलीला झेपणार नाही. २५ ला सकाळी जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असेल तर ते चर्चच्या सभासदांसाठी असतं, आपण जागेवर बसून राहायचं, कुणी काही म्हणत नाही. पाळकांना आधी भेटून "नातीला घेऊन आलोय" एवढं सांगितलंत तर तेच पुढं बसवतील. आणि नातीला गाणी ऐकू द्या. तिला तिकडची इंग्रजी गाणी पाठ असतील. इथं तिला पेटी-तबल्यावर, टाळ धरून, अभंगाच्या चालीत नाताळ ऐकायला मिळेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला ही वाट दाखवली. शेवटच्या काळात ते आपल्या शेजारी साताऱ्यालाच होते. सुटाबुटातल्या सांताक्लॉजपेक्षा हे तिला जास्त परकं वाटेल आणि जास्त लक्षात राहील, असा माझा अंदाज. चुकला तर कळवा.

आता त्या चार ओळी.

तुम्ही शेवटी, जाता जाता, सहकाऱ्याचं लिहिलंत. पत्रातला खरा मजकूर तोच आहे, असं मला वाटलं. मिरजेत कुठल्या गल्लीत काय लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तीस वर्षं ज्या घरातून डबा आला त्या घराचा रस्ता तुम्ही विसरला नाहीत. त्या रस्त्यानं जायचं टाळायचं आहे म्हणून तुम्ही मला पत्ता विचारताय. रागवू नका, मला चूक वाटली तर मी लिहिते, हे तुम्हाला सदर वाचून माहीत आहे.

तुमच्या मनात कदाचित असंही येईल की २४ ला नातीला घेऊन त्यांच्याकडं जावं. सणाचा दिवस, सोबत मूल, त्यामुळं अवघड बोलणं टळेल. हे करू नका. ते घर चार वर्षांपूर्वी एकटं झालंय. सणाच्या संध्याकाळी एकट्या घराला काय वाटतं ते बाहेरून कळत नाही. कदाचित त्यांनी चांदणीच लावली नसेल. आणि चार वर्षांनी पहिल्यांदा दारात उभे राहिलात ते दिवे बघायला म्हणून, हे त्यांना लागेल, बोलून दाखवणार नाहीत तरी लागेल. सांत्वनाची भेट आणि सणाची भेट एका फेरीत उरकता येत नाही.

तेव्हा मुलगी यायच्या आधी जा. या आठवड्यातल्या कुठल्याही साध्या दुपारी, चारच्या सुमाराला, चहाच्या वेळेला. एकटे जा. नारळ, फुलं, मिठाई काही नको. कोणत्या तोंडानं जाऊ, विचारता. ज्या तोंडानं त्यांच्या घरची करंजी खाल्लीत त्याच तोंडानं जा. दारात उभे राहून सबबी सांगू नका. मी अमेरिकेत होतो, मग पाय दुखत होता, मग पाऊस होता, हे काही नको. "वहिनी गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं, आलो नाही" एवढं एक वाक्य, आणि मग गप्प बसा. पुढचं त्यांना बोलू द्या. ते बहुतेक बोर्डातल्या कुणाचं तरी काहीतरी काढतील. काढू द्या. वहिनींचं नाव निघालं तर थांबून ऐका. घड्याळ बघू नका.

हे मी अनुभवानं सांगते. सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. कळलं तेव्हा मी इथंच होते, दोन तासांच्या अंतरावर. आज जाईन, उद्या जाईन करत सात महिने गेले. मग एका रविवारी गेले. त्यांच्या मुलानं दार उघडलं, तोच तो 'काका, माळ लागत नाही' म्हणणारा, आता टक्कल पडलेला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तुझ्या वडिलांचा दिवा अजून आमच्याकडं आहे." आतून तो खरंच घेऊन आला. सहा व्होल्टचा बारका दिवा, औषधाच्या डबीत कापसात ठेवलेला. कधीतरी वडिलांच्या खिशातून तिथं राहून गेलेला. आम्ही दोघं तो हातात घेऊन बसलो आणि त्याच्या बायकोनं चहा केला.

तुमच्या मित्रानं भेटीत आपण होऊन म्हटलं, "नाताळला नातीला घेऊन ये," तर जा, आणि मग मी दिलेला पत्ता गुंडाळून ठेवा, त्यांच्यासोबत फिरा. त्यांनी तसं म्हटलं नाही तर विचारू नका. नातीला घेऊन तुम्ही तुमचे चाला. त्यांच्या दारावरून गेलात आणि ते पायरीवर बसलेले दिसले तर थांबा, नाहीतर पुढं जा, परत कधीतरी दुपारी चारला जायचंच आहे.

जुन्या डायरीत त्यांचा नंबर असेल, पण तो लँडलाइनचा असेल आणि बंद झालेला असेल. तो लागला नाही हे कारण धरू नका. विश्रामबागेतून सिटी बस जाते.

जाता जाता एक. बुरुडाकडं सकाळी जा. ओल्या कामट्या मागून घ्या, वाळलेल्या वाकवताना तुटतात. आणि दोन-तीन जादा आणा, आठ वर्षांची मुलगी आहे.

तुमची,
ताई